नळीखालचे मापाचे भांडे

मित्रांनो, मी रुग्णालयातले एक जुने मापाचे भांडे आहे. अंगावर दहा-दहा मिलीलिटरच्या रेघा, कानाला एक तडा आणि स्वभाव संशयी. कारखान्यात साच्यातून निघाल्या निघाल्या मला तीनदा तपासले गेले. तेव्हापासून मीही कोणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

मोठ्या सिस्टर नवख्या मुलींना सांगत, "हे भांडं खोटं बोलत नाही." मी फुशारून जात असे. पुढे नवी भांडी आली आणि मला बाथरूमच्या फळीवर पालथे घातले. तिथून दिसायचे काहीच नाही, ऐकू मात्र सगळे यायचे.

अशात एक सुतारकाका भरती झाले आणि मला पुन्हा काम मिळाले. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ती अन्न पचवणारा रस बनवते. काकांची ग्रंथी वर्षानुवर्षे सुजून गळू लागली होती आणि रस पोटात साचत होता. तो नळीने पिशवीत काढत. ग्रंथीने जरा दमाने घ्यावे म्हणून दिवसातून तीनदा संप्रेरकाचे इंजेक्शन देत. रोज सकाळी सिस्टर पिशवी माझ्यात ओतून आकडा लिहीत. आकडा उतरला तर नळी काढू, नाहीतर ऑपरेशन, असे डॉक्टर म्हणाले होते.

पाच दिवस आकडा साडेतीनशेवरून हलला नाही. सहाव्या दिवशी एकदम दीडशे, सातव्या दिवशी ऐंशी! डॉक्टर खूश झाले. उद्या नळी काढू म्हणाले.

मला मात्र वाटले, पाणी कुठेतरी मुरते आहे. मोजून झाले की मी पुन्हा बाथरूमच्या फळीवर पालथे. दुपारी वॉर्ड पेंगत असताना नळ सुटायचा आणि मागोमाग काकांच्या सोबतीला राहिलेल्या त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, चपला वाजायच्या. त्या बेसिनपाशी घुटमळायच्या आणि निमूट परत जायच्या. म्हणजे पिशवी याच बेसिनमध्ये ओततात, अशी माझी खात्री झाली. नळी निघाली की रस पुन्हा पोटात साचणार, एवढेही या बाईला कळू नये? मनातल्या मनात मी त्यांना नको नको ते बोलले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नळी काढायला आले, तेव्हा मी सिस्टरांच्या हातात होते. काकू पुढे झाल्या.

"डॉक्टर, नळी काढू नका. आमचे हे स्वतःच पिशवीतलं बेसिनमध्ये ओततात. बेसिन ओलं दिसायचं म्हणून शंका होती. काल डोळ्यांनी पाहिलं."

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "मला कापून घ्यायची भीती वाटते."

डॉक्टर रागावले नाहीत. स्टूल ओढून जवळ बसले. "भीती सगळ्यांनाच वाटते, काका. पण खोट्या आकड्यावर मी इलाज कसा करू?"

मला फार शरम वाटली. सगळ्या वॉर्डात जी एकटी बाई सरळ वागली, तिच्यावरच मी संशय घेतला होता.

इंजेक्शनाची मात्रा वाढवली. आकडा आता हळूहळू, दहा-वीसने उतरू लागला. मी प्रत्येक रेघ डोळ्यांत तेल घालून पाहत होते. चौथ्या आठवड्यात एका सकाळी माझा फक्त तळ ओला झाला. वीस.

"सिस्टर," काका म्हणाले, "पिशवी झटकून पुन्हा मोजा."

पुन्हा मोजले. वीसच भरले.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना घासूनपुसून ठेवा, आमच्या रेघा पुसट होऊ देऊ नका. आणि आमच्यात जे ओताल ते सगळे ओता. नुसता आकडा उतरवून कोणी बरे होत नाही.