टोपीवरची फीत

“मावशी, तुमच्या घरातलीसुद्धा टोपी आणा,” मुकादम म्हणाला. “जुन्या नावाची एकही फीत बाहेर राहता कामा नये.”

आरमाराच्या शिवणखात्यात खलाशांच्या टोप्यांच्या फितींवर मी जहाजाचं नाव भरते. जुने अध्यक्ष होते तोवर जहाजाला त्यांचं नाव होतं. त्यांना हाकललं आणि नव्या अध्यक्षांनी स्वतःचंच नाव देऊन टाकलं. लाजबिज काही नाही.

हे नवे म्हणजे तेव्हाचे आरमारमंत्री. माझा मुलगा वादळात त्याच जहाजावरून समुद्रात पडला, तेव्हा शोध थांबवा आणि जहाज संचलनाला वेळेवर आणा, हा हुकूम त्यांचाच. मुलगा सापडला नाही. टोपी डेकवर राहिली होती, ती घरी आली.

“फीत काढून घ्या, टोपी राहू दे,” मी म्हटलं.

“बिनफितीची टोपी? उद्या मला विचारतील. ठेवायची तर नवं नाव भरून ठेवा. तुमच्या हातचा तर मळ आहे.”

माझ्या नवऱ्याचे डोळे गेलेत. रोज संध्याकाळी ते टोपी मांडीवर घेऊन फितीवरच्या नावावरून बोट फिरवतात आणि मग स्वतः खुंटीला अडकवतात. पोराची तेवढीच भेट. त्यांना मी सांगितलं, फीत मळलीय, धुऊन आणते.

मनाशी ठरवलं होतं, अक्षरं सपाट भरायची, बोटाला लागणार नाहीत अशी. विचारलंच तर म्हणायचं, धुण्यात दबली. पण मुकादम पाठीमागे उभा, आणि जन्मभराची खोड मेली हाताला. अक्षराखाली आधी जाड दोरा घालायचा, मग वरून जरीचा धागा. घराच्या दारात टोपीवर अंगठा फिरला तेव्हा कळलं, अक्षरं टच्च उभी होती. मागे फिरणार, तोच त्यांनी पावलं ओळखली.

“आणलीस?”

मी टोपी दिली. बोट पहिल्या अक्षरावर थांबलं, मग हळूहळू पुढे गेलं. सगळं नाव वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तू भरलंस?”

“हो.”

“टाका सुबक आलाय,” ते म्हणाले.

टोपी त्यांनी माझ्या हातात परत दिली. मग उठून भिंतीवरची खुंटी चाचपली आणि तिला आपला सदरा अडकवला.