बिअरच्या कॅनचा बाप्पा

"सोंड कुठे वळतेय ते आधी बघ गं, मग दाब," प्रभाकाकूंनी बजावलं होतं. प्रणिताने "हो काकू" म्हटलं आणि सोडून दिलं. तिचा सगळा जीव अर्णवच्या बोटांत अडकलेला. कापलेल्या कॅनची कड ब्लेडसारखी असते, आणि तिच्या या दीड वर्षाच्या लेकाला दिसेल ती वस्तू चाटून बघायची होती.

काकू तिच्या खालच्याच, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. काका विमा कंपनीच्या बदलीवर जयपूरला आले ते इथेच गेले. काकूंनी मात्र जगतपुऱ्यात राहून साताऱ्याची जीभ शाबूत ठेवली होती. यंदा गणपतीत त्यांना हाताने केलेलं काहीतरी द्यायचं, असं प्रणिताच्या मनात होतं. साहित्य घरचंच. तिचा नवरा निमिष बँकेतला शीण दर शनिवारी बिअरचे कॅन फोडून घालवायचा.

तिने कॅनची दोन्ही टोकं कापली, मधली नळी उभी चिरून पत्रा सपाट केला, कडा दुमडल्या. मग छापील बाजू वर करून तो जुन्या माऊसपॅडवर ठेवला आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दाबत दाबत डाव्या सोंडेचा गणपती काढला. उलटून बघते तर चंदेरी बाजूला बाप्पा मस्त फुगून आलेला. रेषांत काळं बूटपॉलिश चोळलं, फ्रेम केली. मागून दाबलेलं पुढे उलटं उमटतं, हे एम.एस्सी. झालेल्या बाईच्या डोक्यात आलंच नाही.

काकूंच्या लगेच आलं. "उजव्या सोंडेचा केलास. कडक असतो हा."

"द्या, मी दुसरा करते."

"घरात आलेला देव परत करायला ते काय कुरिअर आहे?"

झालं. काकूंचं सोवळं सुरू झालं. ओलं पातळ नेसून स्वयंपाक, आणि नैवेद्य होईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा नाही. तेही डायबेटिसच्या गोळ्या चालू असताना. प्रणिता रोज सकाळी वरून वाकून बघायची. काकूंच्या बाल्कनीत पातळ वाळत पडलेलं दिसलं की तिचा चहा घशाखाली उतरायचा.

एक दिवस ते दिसलं नाही. अर्णवला काखोटीला मारून ती खाली धावली, तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. काकू ओट्याला टेकून जमिनीवर बसलेल्या, घामाने डबडबलेल्या.

"साखर घ्या तोंडात."

"नैवेद्य व्हायचाय."

"काकू, तो बिअरच्या कॅनचा आहे."

काकूंनी मान वर केली. "कुठली?"

"स्ट्राँग."

"तरीच. आल्यापासून माझंच डोकं गरगरतंय." आणि त्यांनी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी पातळ पुन्हा बाल्कनीत.

"काकू, अहो, आता तर कळलं ना तुम्हाला?"

"कळलं. तुझा नवरा पितो म्हणून तू त्याला घराबाहेर काढलंस का? आधी दोन बिस्किटं खाईन. बोललेय मी बाप्पाशी."

पुढे निमिषची नागपूरला बदली झाली. सोवळ्यात काकू फोनला हात लावत नाहीत, आणि बाकीचा दिवस तो फोन चार्जिंगला असतो. तेव्हा जगतपुरा स्टेशनच्या बाजूला तुमचं जाणं झालंच, तर प्रणिताचं एवढं काम करा. पिवळ्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर ओलं पातळ दिसतंय का बघा. नसलं तर बेल वाजवा. असलं तरी वाजवा, आणि बिस्किटं खाल्लीत का विचारा. "हो" म्हणाल्या, तर पुडा दाखवायला सांगा.