शिट्टी नसलेला कुकर

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. माझ्या झाकणावर आज शिट्टी नाही, आत रबरही नाही. म्हणून मला मोडीत काढलेला समजू नका. या घरात सगळ्यात तोऱ्यात राहणारं भांडं मीच आहे आणि तो तोरा मी कमावलेला आहे.

आई या घरात आली तेव्हा तिच्या सामानात मीही आलो. तांदूळ, डाळ, बटाटे, एवढंच मी शिजवलं. माझी शिट्टी खालच्या बेकरीपर्यंत ऐकू जायची आणि बाबा अंगावरचं पीठ झटकत जेवायला वर यायचे. बेकरी त्यांचीच. त्यांच्या पावाला गावभर नाव होतं.

त्यांची मुलगी भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. पण शाळेत जायला लागली आणि ती मंदावली. पोट फुगायचं, दुखायचं, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की गव्हातलं ग्लूटेन हिला सोसत नाही. पाव, बिस्किटं, केक कायमचं बंद, कणभरसुद्धा नको. तेही बेकरीवाल्याच्या मुलीला! बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

आईनं मात्र कंबर कसली. दुकानात ती प्रत्येक पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचू लागली. सूपमध्ये गहू, सॉसमध्ये गहू. तो कुठेकुठे दडून बसतो ते ऐकून मी चाट पडलो. शेजारीपाजारी म्हणायचे, एवढ्याशानं काय होतंय. ज्याचं पोट दुखत नाही त्याला बोलायला काय जातंय!

भिंगरीचा हट्ट एकच होता. तिला बाबांच्या हातचा पाव खायचा होता.

बाबांनी चंग बांधला. तांदळाचं आणि मक्याचं पीठ आणलं, नवा साचा आणला. पीठ वर ओट्यावर भिजवायचे आणि भाजायला खाली भट्टीत न्यायचे. पहिला पाव विटेसारखा झाला, दुसरा बरा, तिसरा झकास. पण दर वेळी पाव खाल्ला की भिंगरी पोट धरून बसायची. आपल्या हातालाच यश नाही, असं म्हणून बाबांनी साचा माळ्यावर टाकला.

एका दुपारी आईनं तो खाली काढला. खाली भट्टीपाशी काय काय करता ते जसंच्या तसं करून दाखवा, म्हणाली. बाबांनी रिकामा साचा उचलला. भट्टीत सरकवल्यासारखं करण्याआधी त्यांची बोटं बाजूला वळली, हवेतच चिमूट भरली आणि साच्यावर भुरभुरली.

"बाबा, ते काय टाकलंस?" भिंगरीनं विचारलं.

बाबा आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"गव्हाचं पीठ," ते हळूच म्हणाले. "भट्टीच्या तोंडाशी परात असते. अगं, हात आपोआप जातो."

"मग तुझा पाव चांगलाच होता की. आता इथंच भाज."

घरात भट्टी नव्हती. आईची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली. गव्हाचा कणही ज्यात कधी शिजला नाही, असं भांडं मीच होतो. तिनं माझी शिट्टी काढली, रबर काढलं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. शिट्टी म्हणजे माझा आवाज होता. मग माझ्या तळाला मीठ पसरलं, त्यावर जाळी ठेवली. बाबांनी कपडे बदलले, कोपरापर्यंत हात धुतले, साचा घासूनपुसून त्यात भिजवलेलं तांदळा-मक्याचं पीठ भरलं आणि तो माझ्या पोटात ठेवला. मंद आचेवर मी जीव ओतून तो पाव भाजला.

भिंगरीनं खाल्ला. संध्याकाळभर कुणी तिला काही विचारलं नाही, सगळे नुसते तिच्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिनं विचारलं, "पाव उरलाय का?" बाबा तोंड फिरवून बराच वेळ ओटा पुसत राहिले.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही अशी एखादी भिंगरी असेल. तिला हसू नका, 'एकच घास खा' असा आग्रह करू नका. तिची सुरी, तिची ताटली, तिची घासणी वेगळी ठेवा. तिला लाडापेक्षा ही काळजी हवी असते.

भात आता नव्या कुकरमध्ये होतो. तो शिट्ट्या मारतो, मारू दे बापडा. माझ्या पावाचा वास जिन्यावरून खाली पोचतो आणि भिंगरी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर येते. एका जागी बसेल तर शपथ.