बिनधुराचा कोळसा

मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे, मित्रांनो, आणि मला किळस फार लवकर येते. तुम्ही म्हणाल, जिच्या पोटात रोज राख, तिला कसली किळस? राखेची नाही येत. माणसं माझ्या तोंडात जे कोंबतात, त्याची येते.

१९९६ साली कुवेतमध्ये गफूर नावाच्या वेल्डरने मला पत्र्याच्या तुकड्यांतून जोडलं. तो रत्नागिरीकडचा. तिथल्या जाब्रिया भागातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर तो आणखी चार कामगारांबरोबर राहायचा. इथली थंडी हाडांत शिरते, म्हणून त्याने मला मागच्या अंगणात ठेवलं. कोळसा तो स्वतः निवडायचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचा आणि खणखणीत वाजले तरच घ्यायचा.

"ठप्प वाजला तर ओला किंवा कच्चा," तो सांगायचा. "लिंबाएवढा पुरे. मोठा धड पेटत नाही, आणि चुरा जाळी बुजवतो."

सगळे माझ्याभोवती उघड्यावर शेकत बसायचे. आत मला त्याने कधीच नेलं नाही.

२००२ मध्ये गफूर गावी परतला आणि कोळसा आणायचं काम खोलीतल्या राजनकडे आलं. राजन एसी दुरुस्त करायचा. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. त्याने आधी खोक्यांच्या रंगवलेल्या फळ्या जाळल्या. त्यांचा हिरवा रंग फुगून माझ्या पोटात ओघळला. मग गोणीच्या तळाचा ओला चुरा आणला. मग धूप जाळायच्या गोल वड्या, ज्यांना फटाक्यासारखा दर्प येतो. वर कुणी माशाचे काटे टाकी, कुणी सिगारेटची थोटकं, एकजण तर चक्क थुंकला. शी! आणि बोलणी मलाच, की ही शेगडीच घाणेरडी!

खोलीत कुडाळचा सखाराम नावाचा वयस्क सुतार होता. एके दिवशी त्याने मला तारेच्या ब्रशने घासलं आणि राजनला म्हणाला, "तिच्या तोंडात घालतंस काय, आनी नावां तिकाच ठेवतंस?"

राजन ओशाळला. पुढच्या खेपेस त्याने कोळसा वाजवून, निवडून आणला. कोरडा, टणक, लिंबाएवढा. धूर नाही, वास नाही. किती वर्षांनी माझं तोंड स्वच्छ झालं!

जानेवारीतला शुक्रवार होता, सुट्टीचा. दुपारी अंगणात पाऊस सुरू झाला.

"आत घेऊ या हिला," राजन म्हणाला.

"गफूर नको म्हनायचो," सखाराम म्हणाला.

"तो धुराला घाबरायचा. आता धूर आहे कुठे?"

बाकीचे बाहेर गेले होते, खोलीत दोघंच होते. राजनने मला दोन खाटांच्या मध्ये ठेवलं, खिडकी लावली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. "वा, काय शेगडी आहे!" म्हणत तो आडवा झाला. इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं. आणि त्याच वेळी माझ्या पोटातून विष निघत होतं, ज्याला ना रंग ना वास. मला ओरडता येत नव्हतं.

"राजन, माका कसातरीच होता," सखारामने डोकं धरलं. राजन नुसता कण्हला.

वरच्या मजल्यावर शीला नावाची नर्स राहायची. सखाराम तिची फळी ठोकायला यायचा होता, तो आला नाही म्हणून ती बोलवायला उतरली. हाक मारली, मग दार वाजवलं. तिने दार ढकललं, खिडकी उघडली आणि दोघांना बखोटीला धरून अंगणात ओढलं. सखाराम ओल्या फरशीवर ओकत राहिला.

"शीलाताई, धूर नव्हता हो!" राजन रडत म्हणाला.

"धूर नाही म्हणजे विष नाही, असं कुणी सांगितलं तुला?"

दोघंही जगले. राजन चौथ्या दिवशी कामावर गेला. सखारामच्या हाताला मात्र त्या दिवसापासून कायमचा कंप सुटला. माप घ्यायचा आणि लाकडापर्यंत येईतो विसरायचा. मार्चमध्ये तो कायमचा गावी गेला. त्याची हत्यारांची पेटी राजनने विमानतळापर्यंत वाहिली.

रंग, काटे, थुंकी, सगळ्याची किळस मी सोसली. पण त्या दुपारचं ते "वा" आठवलं की मला माझीच किळस येते.

मित्रांनो, कोळसा जरूर पारखून घ्या. वाईट कोळसा निदान खोकला आणून तुम्हाला बाहेर हाकलतो. चांगला कोळसा शेजारी बसतो आणि तुम्हाला झोपवतो. म्हणून कितीही थंडी असो, मला आत बोलावू नका. शाल गुंडाळून तुम्हीच बाहेर या.