नऊ व्हायला काय लागेल

फरशीवर चिकटवलेली निळी पट्टी. तिच्यावर शून्य ते दहा आकडे.

डोळ्यात टाकायचे थेंब, दिवसातून चार वेळा.

एक पिवळी स्कूटी, पुढे-मागे लाल रंगात एल.

दोनशे अकरा पानं, निळ्या शाईत. त्यानंतर दीड पान, काळ्या शाईत.

टिश्यूपेपरचा डबा. सुमतीने तो उचलून हातावर तोलला, मग झाकणाच्या फटीतून आत बघितलं. सुट्टीवर जाताना तिने तो नवा उघडून ठेवला होता. तीन आठवड्यांनी तो जवळजवळ तसाच होता.

"रडलं नाही का कोणी माझ्यामागे?" तिने विचारलं.

"रडले ना, मॅडम. पण कमी," नूपुर म्हणाली. ती खिडकीशी बसून सत्तावीस वर्षांच्या माणसाच्या भुकेने टिफिन खात होती.

मनीषनगरातलं हे समुपदेशन केंद्र म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सुमती इथे एकोणीस वर्षं होती. तिच्या खोलीत माणसं रडत, आणि रडून हलकी होऊन जात. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून तिने तीन आठवडे रजा घेतली आणि नूपुरला तिच्या केसेस दिल्या. परत आली तेव्हा समोरासमोरच्या खुर्च्या तिरक्या झाल्या होत्या, फरशीवर ही पट्टी आली होती आणि गोपिकाची फाइल कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेली होती. खालचा कप्पा बंद केसेसचा.

गोपिका, वय चौतीस, राहणार जरीपटका. साड्यांना फॉल-पिको करून देते. चौदा महिने दर गुरुवारी दोन ऑटो बदलून ती सुमतीकडे यायची. दुखणं एकच होतं, धाकटी जाऊ. तारा नोकरीवाली, तारा स्कूटीवाली, घरात ज्याच्या त्याच्या तोंडी तारा. सुमतीने या जळण्याची मुळं खणत नेली होती. गोपिकाचं माहेर, वडिलांनी दोन बहिणींत केलेला दुजाभाव, सातवीत सुटलेली शाळा. अजून बरंच खणायचं होतं.

नूपुरने तीन भेटींत फाइल बंद केली होती.

"तू तिला विचारलंस तरी काय?"

नूपुरने डबा बाजूला ठेवला. "म्हटलं, समजा आज झोपेत जादू झाली आणि ही जळजळ गेली. तुम्ही झोपेत, म्हणून तुम्हाला पत्ता नाही. सकाळी सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येईल?"

"मग?"

"ताराच्या, म्हणाल्या. कारण मी तिला हाक मारीन अन् म्हणीन, मले शिकव वं गाडी." नूपुर हसली. "मग म्हटलं, जादूची वाट कशाला पाहता? दहा म्हणजे ती सकाळ, तर आज या पट्टीवर कुठे आहात, आणि पुढचा आकडा व्हायला काय लागेल? दुसऱ्या भेटीला सहावर होत्या, तिसरीला आठवर. त्याच म्हणाल्या, आता येत नाही."

"आणि तुझ्यासमोर रडली नाही."

"नाही. हसल्या."

"हसणं म्हणजे टाळणंही असतं, नूपुर."

"असेल, मॅडम."

तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं. सुमतीने फाइल उघडली. सगळ्यात वर पहिल्या दिवशीचा फॉर्म होता, बाहेरच्या टेबलावर भरून घेतात तो. सवयीने तिने तो उलटला. फॉर्म ती कधीच वाचत नसे. कागद काय सांगणार, माणूस बोलेल तेव्हा कळेल, असं ती नव्या मुलींना शिकवायची. नूपुरलाही तिनेच शिकवलं होतं.

नूपुरचं दीड पान तिने दोनदा वाचलं. त्यात माहेर नव्हतं. वडील नव्हते.

बंद केसला सहा महिने फोन करायचा नाही, हा केंद्राचा नियम. तोही सुमतीनेच केलेला. बऱ्या होऊ लागलेल्या माणसाला पुन्हापुन्हा दुखतं का विचारू नये, म्हणून. सोमवारी नूपुर बँकेत गेली तेव्हा सुमतीने फोन उचलला. केस बंद होऊन अकरा दिवस झाले होते.

"गोपिका, सगळं ठीक ना? नाही, सहजच. तुझ्या मनात काही राहून गेलं असेल, असं मला वाटत होतं."

पलीकडे थोडा वेळ शिलाई मशीनच चालू राहिली. मग ती थांबली.

"येऊ का गुरुवारी?" गोपिकाने विचारलं.

सुमतीने फोन ठेवला आणि टेबलावरचा टिश्यूचा डबा पाहुण्यांच्या खुर्चीकडे सरकवला. गुरुवारी सकाळी नूपुरला तिने जरा उशिरा यायला सांगितलं.

*

"तुमचा डोळा कसा हाये, मॅडम?"

"बरा आहे. तू कशी आहेस?"

"बरी हाये." गोपिका पर्स मांडीवर घेऊन बसली. तिरक्या खुर्च्या सुमतीने पुन्हा समोरासमोर केल्या होत्या. "वर्धा रोडपर्यंत तारानं आणली गाडी. तिथून गल्लीगल्लीनं मी. दोनदा बंद पडली."

"तारा आली आहे?"

"खाली उभी हाये नं."

सुमती उठून खिडकीशी गेली. दोनशे अकरा पानं जिच्यावर लिहिली ती बाई तिने कधी पाहिली नव्हती. मनात कोणी उंच, गोरी, ताठ मानेची होती. खाली पिवळ्या स्कूटीला टेकून एक बुटकी, सावळी बाई शेंगदाणे फोडून खात होती आणि टरफलं पर्सच्या कप्प्यात टाकत होती.

सुमती परत येऊन बसली.

"सासूबाई करतात का अजून तिची तारीफ?"

"करते नं."

"मग आत काय होतं तुझ्या?"

हा प्रश्न गोपिकाच्या ओळखीचा होता. तिने सुमतीच्या तोंडाकडे बघितलं, मग उघड्या वहीकडे, मग टोपण काढलेल्या पेनाकडे. पुढ्यातल्या डब्यातून तिने एक कागद ओढला. डोळे कोरडे होते. तिने कागदाची घडी घातली.

"होते थोडंसं," ती म्हणाली. "जळते."

"केव्हा?"

"सकायी..." ती आठवू लागली. अचानक पाहुणा यावा आणि रिकाम्या डब्यांचे तळ चाचपावेत, तशी. "सकायी तारा तयार होते तवा. अन्... बाबाची आठवण येते कधी कधी."

सुमतीचं पेन भराभर चालू लागलं. दोन ओळी झाल्या. नूपुरच्याच पट्टीवर आकडा घसरलेला दाखवून द्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

"शून्य ते दहा म्हटलं तर आज कितीवर आहेस?"

गोपिकाने वहीतल्या ओळींकडे बघितलं.

"तुम्हाले किती पाहिजे?"

"म्हणजे?"

"नूपुर मॅडमले आठ सांगतलं होतं. पण तुम्ही मले चौदा महिने देल्ले. तुमच्याजवळ येत राहाचं असन तं आठ जास्त होते का? पाच लिहा, पाहिजे तं. मले चालते." तिने घडी केलेला कागद उलगडून पुन्हा घडी केली. "ताराले घाई नाई. तिले म्हटलं, मॅडमचं ऑपरेशन झालं, एकट्या राह्यतात, बसू दे मले घडीभर."

खालून औषधाच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

सुमतीने पेनाला टोपण लावलं. मग काढलं. लिहिलेल्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली मोठा आठ काढला. पुढचा प्रश्न नूपुरचा होता. तो तोंडात यायला वेळ लागला.

"नऊ व्हायला काय लागेल?"

गोपिका हसली. दात दिसतील इतकी. चौदा महिन्यांत सुमतीने तिचे खालचे दात पाहिले नव्हते.

"उजवीकडे वळता आलं पाहिजे. डावीकडे वळते, मॅडम. उजवीकडे लय भेव वाटते. म्हणून येतानी तीन चकरा जास्तीच्या झाल्या."

"मग पुढच्या गुरुवारी नको येऊ," सुमती म्हणाली. "त्या वेळात उजवीकडे वळायला शीक."

ती गेल्यावर सुमती खिडकीशी उभी राहिली. तारा मागे बसली होती, एक हात गोपिकाच्या खांद्यावर. स्कूटी डावीकडेच वळली. सुमतीने खाली बघितलं. आठवडाभर ती ही पट्टी ओलांडून चालत होती. आता तिचा पाय तीनवर होता. तिने तो उचलला नाही.

नूपुर हेल्मेट काढत आत आली. "ती पिवळी गाडी... गोपिकाताई होत्या का?"

"हो. मीच बोलावलं होतं."

"काही बिघडलं?"

"तिचं नाही."

नूपुर पुढे काही विचारील म्हणून सुमती थांबली. नूपुरने फक्त हेल्मेट टेबलावर ठेवलं. मग सुमतीने फाइल घेतली, आठाखाली सही केली, आणि पानं मागे उलटवत पार वरच्या फॉर्मपर्यंत आली. या वेळी तो तिने उलटला नाही.

चौदा महिन्यांपूर्वी, पहिल्या दिवशी, 'आपल्याला काय हवे आहे' या रकान्यात गोपिकाने लिहिलं होतं: स्कूटी शिकायची आहे.