मुकी हळद

कामोठे गावात हळदीला बेंजो वाजत नसेल, तर पाहुणे दारातच थबकतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "घरात कोण गेलं काय?" गोदूबाईंच्या दीपेशच्या हळदीला असंच झालं. उलव्याच्या मामांनी तर चेहरा पाडून नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला. गोदूबाई प्रत्येकाला तेच सांगत होत्या, "मागं चिंचेवर वटवागलं हायेत. त्यांना पिल्लं झाल्यात. म्हनून बेंजो नाय."

चिंच गोदूबाईंच्या जागेत, आणि वाघळं चिंचेवर. त्यांची बाजू मांडली होती समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी चारुदत्त यांनी. निवृत्त झाल्यापासून त्यांना वाघळांचा लळा लागला होता. हात जोडून ते गावात गेले होते. "गोदूताई, मोठ्या आवाजानं आया उडतात, पोटाला बिलगलेली पिल्लं खाली पडतात. एवढी एक हळद सांभाळा." गोदूबाईंना मुलगाही एवढा एकच होता. त्यांनी सांभाळली.

असा त्याग सत्काराविना कसा सोडायचा? चारुदत्तांनी चिंचेखालीच कार्यक्रम ठरवला. मंडपवाला जगन विचारायला आला तेव्हा ते भाषणाचं तिसरं पान लिहीत होते.

"नेहमीचंच ना, साहेब?"

"नेहमीचंच," चारुदत्त मान वर न करता म्हणाले.

रविवारी संध्याकाळी वटवाघळांच्या अभ्यासक आभा पनवेल स्टेशनवरून रिक्षानं आल्या. त्यांनी एक पाय खाली ठेवला आणि जगननं नेहमीची फटाक्यांची माळ पेटवली. पाहुणीचं पावलोपावली स्वागत व्हावं म्हणून ती रिक्षापासून स्टेजपर्यंत अंथरलेली होती. मागोमाग ताशे सुरू झाले. चिंचेवरचा काळा घोळका किंचाळत आभाळभर झाला. आभा दोन्ही हात हलवून "बंद करा!" ओरडत होत्या, पण पेटलेल्या माळेला सेक्रेटरीही थांबवू शकत नाही.

धूर विरला तेव्हा स्टेजवर, सत्काराच्या तबकाशेजारी, मुठीएवढं पिल्लू पडलेलं होतं. जिवंत होतं.

"माळ पॅकेजमध्येच येते, साहेब," जगन म्हणाला.

आभांनी तबकातली शाल उचलली, पिल्लाला तिच्यात गुंडाळलं आणि ती झोळीसारखी खालच्या फांदीला बांधली. "सगळ्यांनी लांब जा, गप्प बसा. आई आली तर आली."

सगळे लांब खुर्च्यांवर बसले. समोर स्टेजवर मोठा फलक होता: 'मौनातून संवर्धन! जाहीर सत्कार.' चारुदत्त तो उतरवायला गेले, तर चिकटपट्टी करकरली आणि आभांनी वळून पाहिलं. ते तसेच परत येऊन बसले. अंधारेपर्यंत दोनशे माणसं तो फलक वाचत राहिली.

शेजारच्या खुर्चीवर दीपेश बसला होता. मनगटावरची हळद अजून गेली नव्हती. "सायेब," तो कुजबुजला, "माझ्या हलदीला पोरांनी मोबाईलवर गानी लावली होती. ती पन आईनं बंद केली." त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्यामुळे तो जास्तच लागला.

दिवेलागणीला एक वाघूळ घिरट्या घालत आलं, फांदीला लटकलं आणि उडालं. आभांनी जाऊन पाहिलं. शाल रिकामी होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढं सगळे त्या दिवशी शिकले होते. आणखी काही वाघळं परतली, पण अर्धी चिंच मोकळीच राहिली.

चारुदत्त गोदूबाईंसमोर उभे राहिले. भाषणाची पानं कधीच खिशात चुरगळली होती. "गोदूताई, मी..."

"ऱ्हाऊ द्या वो. पुढच्या वर्साला माझ्या पोरीची, मनीषाची हलद हाय. तवा बेंजो लावू का नको, ता सांगा."

'नका लावू' एवढे दोनच शब्द. वर्षभर घरोघरी जाऊन त्यांनी ते किती सहज म्हटले होते! "तुम्हीच ठरवा," ते खाली बघत म्हणाले.

"आमचा कवाचा ठरलाय, बेंजो नाय," गोदूबाईंनी फांदीची शाल सोडली, झटकली, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. "मी तुमचा इचारतेय."