जड गोळ्यांचा डबा

कुंपणापाशी आणखी एक कोकरू पडलं होतं. जीभ खाल्लेली, शेपटी खाल्लेली, बाकी सगळं जागच्या जागी. कोल्ह्याचे चोचले फार. कोकराची आई त्याला पायाने ढोसत होती, ऊठ म्हणून. नेरिडाने कोकराचा मागचा पाय धरून ते उचललं आणि शेडकडे निघाली, तर मेंढी ओरडत तिच्या मागोमाग आली. गवतावरचं गोठलेलं दहिवर अजून वितळलं नव्हतं. घरात क्लेम ओल्या अंथरुणात पडून होता, हे नेरिडाला ठाऊक होतं. कोल्ह्यामागे हिंडायचं की नवऱ्याला उठवून कोरडं करायचं, रोज सकाळी हाच प्रश्न, आणि रोज सकाळी दोन्हीकडून उशीर.

क्लेमला ईस्टरच्या सुमाराला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आयुष्यभराच्या शब्दांपैकी एकच त्याच्याकडे उरला, तो म्हणजे बादली. चहा हवा तरी बादली, खिडकी लाव तरी बादली, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी बादलीच. त्याला समोरचं किती कळतं हे सांगता यायचं नाही, फार आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाला होता. त्यांची मुलगी ट्रूडी हिने त्यातलं शेवटचं तेवढं लक्षात ठेवलं होतं.

आता शहरातल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती. ट्रूडी रोज फोन करून आईच्या मागे लागली होती, आणि परवा नेरिडाने वैतागून तिला शब्द देऊन टाकला होता. शनिवारपर्यंत कोल्ह्याचा बंदोबस्त झाला तर आपण सकाळी घरात राहू शकू, मग क्लेम इथेच राहील. नाही झाला तर खाट घे. बोलून फोन ठेवला आणि ती पस्तावली. पण बोलून गेली ती गेली.

कोल्हे मारायचं काम नेहमीच क्लेमचं. काडतुसं तो घरीच भरायचा, शेडमधल्या लांब टेबलावर. वापरलेल्या पुंगळ्या पुसून रांगेत लावायच्या हे नेरिडाचं काम, बारूद तोलून वर गोळी बसवायची हे त्याचं. गोळी तो कायम चाळीस ग्रेन वजनाची, हलकीच घ्यायचा. का, हे तिने संसाराच्या एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. नवऱ्याने मिठाची बरणी कुठे असते ते विचारलं नव्हतं, फिट्टंफाट. क्लेमने भरून ठेवलेली काडतुसं तिने गेल्या आठवडाभरात उडवून संपवली. कोल्हा दिसला की धीर निघायचा नाही आणि ती लांबूनच बार टाकायची. या माळावर ऑगस्टमधला, ऐन हिवाळ्यातला वारा कुत्र्याला उभं राहू देत नाही, तिथे हलक्या गोळीची काय कथा. कोल्हा शेपूट सावरून शांतपणे चालता व्हायचा.

शेजारच्या रानातला लेस ट्रेमेलन हे ऐकून गोळ्यांचा डबा घेऊनच आला. माणूस मदतीला धावणारा, पण सल्ला दिल्याशिवाय मदत करायची नाही असा त्याचा नेम. शेडमध्ये क्लेमच्या चाकाच्या खुर्चीशेजारी उभं राहून त्याने डबा टेबलाच्या कडेला ठेवला.

"वाऱ्यात चाळीस ग्रेनची गोळी म्हणजे पिसं उडवायचा धंदा आहे, बाई," तो म्हणाला. "ही एकोणसत्तरची घे. मी दुसरं वापरतच नाही. वाऱ्याच्या बापाला हलायची नाही."

"बसेल का पण आमच्या जुन्या रायफलीला?"

"गोळीची जाडी तीच, नळीचं भोक तेच. न बसायला काय झालं?"

एवढ्यात क्लेमचा डावा हात उठला आणि त्याने डबा टेबलावरून सरळ खाली लोटला. लांबलचक तांबूस गोळ्या शेडभर झाल्या.

"बादली," क्लेम म्हणाला. मान लाल झाली होती.

"म्हाताऱ्याचा तापटपणा तेवढा शाबूत आहे," असं म्हणत लेस हसला आणि गोळ्या वेचायला वाकला. नेरिडा मात्र शरमेने अर्धमेली झाली. भल्या माणसासमोर असा तमाशा. चारचौघांत तरी नीट वाग, असं तिने क्लेमला खडसावलं, आणि मग आपण कुणाला खडसावतोय हे आठवून तिला स्वतःचाच राग आला.

लेसने बारूद किती कमी करायची ते समजावून सांगितलं आणि तो गेला. नेरिडा काडतुसं भरायला बसली. क्लेमने टेबलावरची एक जड गोळी उचलली, बोटांच्या चिमटीत धरली आणि भोवऱ्यासारखी फिरवून सोडली. गोळी दोन गिरक्या घेऊन डुगडुगली आणि आडवी झाली. मग त्याने खणातून आपली जुनी, बुटकी, हलकी गोळी काढली आणि तीही तशीच फिरवली. ती बराच वेळ उभी राहिली. त्याने नेरिडाकडे पाहिलं. पुन्हा जड गोळी, पुन्हा आडवी. त्याचा हात थांबेना.

तेवढ्यात ट्रूडीचा फोन आला. नेरिडाने तो कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला आणि गोळी बसवायच्या प्रेसचा दांडा ओढत राहिली.

"काय करतायत बाबा?" ट्रूडीने विचारलं.

"लहान मूल झालंय गं त्याचं. गोळ्यांशी भोवरा भोवरा खेळतोय."

ट्रूडी म्हणाली, "आई, मला वाईट वाटतं बोलायला. पण मग त्यांना कुठे ठेवलं काय आणि न ठेवलं काय, त्यांना काय फरक पडणार आहे?"

"नाही पडणार," नेरिडा म्हणाली.

ती दमली होती. तिची पाठ दुखत होती, आणि माणूस दमला की दुसऱ्याचं वाक्य पुरं करून मोकळा होतो. तिने वर पाहिलं तेव्हा क्लेमचा हात टेबलावर निपचित पडला होता. चला, शांत झाला एकदाचा, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना कोल्हा आला. वाऱ्यातही दोरी ताणल्यासारखी सरळ जाईल अशी गोळी नळीत होती. तिने कठड्यावर रायफल टेकवली, श्वास सोडला आणि चाप ओढला. माती उडाली ती कोल्ह्याच्या बरीच डावीकडे. दुसऱ्या गोळीची माती कुठे उडाली ते दिसलंही नाही. कोल्ह्याने नुकतंच जन्मलेलं, अजून ओलं असलेलं कोकरू मानेला धरून उचललं आणि तो बांधापलीकडे गेला. नेरिडा त्याच्यामागे ओरडत धावली, घसरून पडली आणि तिथेच गवतात बसून मोठ्याने रडली. खाट घ्यावी लागणार. स्वतःच शब्द दिला होता, आता कुणाच्या नावाने बोटं मोडायची?

नेम इतका कसा चुकतो, एवढं तरी पाहावं म्हणून तिने खाद्याचा रिकामा खोका कुंपणाला अडकवला आणि अवघ्या वीसेक पावलांवरून बार काढला. खोक्यात भोक पडलं होतं, पण ते गोल नव्हतं. लांबट होतं. गोळी टोकाने घुसली नव्हती, आडवी होऊन आदळली होती. तिची अख्खी कूसच पुठ्ठ्यावर उमटली होती.

डुगडुगली आणि आडवी झाली.

नेरिडा खोक्यासमोर तशीच उभी राहिली. नळीच्या आत मळसूत्राचे आटे असतात आणि ते गोळीला फिरकी देतात, हे तिला ठाऊक होतं. क्लेमच्या जुन्या रायफलीचे आटे लांब अंतरावर वळलेले, फिरकी मंद. बुटक्या गोळीला तेवढी पुरते, लांब गोळी हवेतच कोलमडते. लेसची रायफल नवी, तिची फिरकी जोरकस, म्हणून त्याचं निभावतं. भोक एकाच मापाचं असलं म्हणून काय झालं. हे सगळं क्लेमने काल तिला टेबलावर करून दाखवलं होतं, पुन्हा पुन्हा दाखवलं होतं.

म्हणजे त्याला कळत होतं. ईस्टरपासून सगळंच कळत होतं. जेवताना त्याच्या डोक्यावरून ट्रूडीशी झालेली बोलणी, त्याला पुसताना आपण तोंडातल्या तोंडात दिलेल्या शिव्या, खाटेचा सौदा. आणि कालचं ते, नाही पडणार. खोका तिथेच टाकून ती घराकडे चालू लागली.

तिने क्लेमची माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं. त्याच्यासमोर बसून तिने त्याच्या हलक्या गोळ्यांची काडतुसं भरली. मग वाऱ्याचं काय करायचं, असं तिने विचारलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच उत्तराची वाट पाहिली. क्लेमने डावा तळहात लांब धरला आणि हळूहळू स्वतःच्या छातीपर्यंत आणला. जवळ येऊ दे. तिला हे पूर्वीच कळायला हवं होतं. क्लेम कधी लांबून बार टाकत नसे, शिट्टी वाजवून कोल्ह्याला पायाशी बोलवायचा.

शुक्रवारी सकाळी तिने त्याला पिकअपमध्ये बसवलं. बसवलं म्हणजे ओढला, रेटला, मांडीने टेकू दिला, आणि त्या झटापटीत तिच्या कमरेत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने ओठ चावून कळ गिळली. क्लेम तिच्याकडेच बघत होता. वारा तोंडावर घेऊन ती दोघं खडकाआड थांबली. डब्याचं झाकण दुमडून, भोक पाडून केलेली क्लेमची चपटी शिट्टी नेरिडाने दातांत धरली आणि श्वास आत ओढला. फासात अडकलेल्या सशाचं रडणं माळावर गेलं.

कोल्हा आला. दुडक्या चालीने, कान उभारून, अगदी स्वयंपाकघरात येतोय असा. तिचं बोट चापावर आलं तेव्हा क्लेमचा हात तिच्या खांद्यावर पडला. थांब. कोल्हा आणखी आला. त्याच्या मिशा दिसल्या. खांद्यावरचा हात उचलला गेला, तिने चाप ओढला, आणि कोल्हा होता तिथेच कोसळला.

तिला वाटलं होतं की आपल्याला आनंद होईल. शब्द पाळला होता, क्लेम आता इथेच राहणार. पण त्याला खाली उतरवून शेडमध्ये आणेपर्यंत ती कमरेत पार वाकली होती, आणि टेबलाला धरूनच उभी राहू शकत होती. तिने जड गोळ्यांचा डबा उचलला आणि टेबलाच्या अगदी कडेला, त्याच्या डाव्या हाताशी ठेवला.

"तुला सगळं कळतं ना," ती म्हणाली. "तुला एकदाही विचारलं नाही मी. आता विचारते. त्या वृद्धाश्रमात जायचंय तुला? नसेल तर पाड हा डबा."

क्लेमने डब्याकडे पाहिलं. मग टेबल घट्ट धरलेल्या तिच्या हाताकडे पाहिलं, तिच्या वाकलेल्या कमरेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याने हात उचलला, डब्यावर ठेवला, आणि तो हलकेच आत सरकवला, पार भिंतीपर्यंत, जिथून तो पडूच शकला नसता.

"बादली," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता.

नेरिडाने डबा ओढून पुन्हा कडेला आणला. त्याने पुन्हा आत सरकवला. तिने पुन्हा ओढला. दोघंही हट्टी, पहिल्यापासून. तो सरकवत राहिला, ती ओढत राहिली.

शेवटी तिनेच हात मारून डबा खाली पाडला.